आपल्या आमदाराचं मत नावानिशी नोंदवा

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मताला आलं. बाजूने १८६ मतं पडली, विरोधात एक. ते एक मत महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं होतं. या माणसाने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांना जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायला लावला होता. तरीही महिला आरक्षणाच्या विधेयकाला त्यांनी एकट्याने विरोध केला. त्यांचा मुख्य आक्षेप फिरत्या आरक्षणाला होता. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ बदलत राहिले, तर आज निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तीच जागा मिळेल याची खात्री नाही आणि पुरुष प्रतिनिधीलाही नाही. मग मतदारसंघाची मशागत कोण कशाला करेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी महिला आरक्षणाचा समर्थक आहे आणि जोशींचं ते मत मला पटलेलं नाही. पण ते काय होतं, का होतं, हे मला आजही सांगता येतं. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये हाच विषय नव्या विधेयकाच्या रूपाने आला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी ते संमत झालं. विरोधातल्या दोन मतांपैकी एक पुन्हा महाराष्ट्रातलंच होतं, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नाही, हा त्यांच्या पक्षाचा आक्षेप. आणि २०२३ च्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरणार नाहीत, त्या प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतील. म्हणजे २०१० सालच्या त्या एकट्या आक्षेपाचं उत्तर तेरा वर्षांनी कायद्याच्या मजकुरात सापडतं. जोशींमुळे हे झालं, असा माझा दावा नाही. आक्षेप नावानिशी नोंदला गेला होता, म्हणून तो आज नव्या कायद्याशेजारी ठेवून तपासता येतो, एवढंच म्हणायचं आहे.

हे सगळं आपल्याला कळलं, कारण ती घटनादुरुस्तीची विधेयकं होती. घटनेच्या ३६८ व्या कलमानुसार अशा विधेयकाला सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. त्यामुळे डोकी मोजावीच लागतात. बाकीच्या कायद्यांना ही सक्ती नाही. अध्यक्ष विचारतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात, अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि विधेयक संमत झाल्याचं जाहीर करतात. तुमच्या आयुष्यावर परिणाम करणारे बहुतेक सगळे कायदे असे आवाजी मतदानाने होतात. त्यात तुमच्या आमदाराचा आवाज होता का, तो त्या वेळी बाकावर तरी होता का, याची कुठेही नोंद राहत नाही.

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक याच पद्धतीने संमत झालं. कुठल्या संघटनेला बेकायदा ठरवायचं, तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला किती वर्षं तुरुंगात टाकायचं, असे प्रश्न त्या विधेयकात होते. संयुक्त चिकित्सा समितीकडे लोकांच्या बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. इतक्या लोकांनी वेळ काढून, मसुदा वाचून, सरकारला लिहून कळवलं होतं. आणि २८८ जणांच्या सभागृहात स्पष्ट विरोध नोंदवणारा आमदार एकच निघाला, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. मोठ्या विरोधी पक्षांचे सदस्य समितीत बसले होते, चर्चेत बोलले होते, पण मताच्या वेळी विरोध झाला नाही. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत त्यांनी सभात्याग केला आणि मग सभागृहाबाहेर या कायद्याविरुद्ध आंदोलनं सुरू झाली.

या कायद्याची बाजू घेणारे माझे मित्र आहेत. शहरी नक्षलवादाचा धोका खरा आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्याशी माझा वाद होतो आणि तो होत राहील. पण एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. आम्हाला दोघांनाही आपापल्या आमदाराचं या कायद्याबद्दल नक्की काय मत आहे, हे ठाऊक नाही. बाजूचा असेल तर त्याने तसं सांगावं, विरोधातला असेल तर मताच्या वेळी सांगावं. सभागृहात गप्प राहून चौकात घोषणा देणाऱ्या लोकप्रतिनिधीची भूमिका कुठली मानायची?

एकमताचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेविना, एकमताने केला. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाची वेदना खरी होती, मोर्चे खरे होते, त्यामुळे विरोध करण्याची कुणाची छाती नव्हती हे समजू शकतं. पण विरोध करणं आणि प्रश्न विचारणं यांत फरक आहे. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासाठी जी अपवादात्मक परिस्थिती दाखवावी लागते, ती राज्य मागासवर्ग आयोगाच्या अहवालातून सिद्ध होते का, न्यायालयात कोणता युक्तिवाद होईल, कायदा पडला तर मधल्या काळात प्रवेश आणि नोकऱ्या घेतलेल्यांचं काय होईल, हे विचारणारा एक जरी आमदार उभा राहिला असता, तर त्याने मराठा समाजाचंच काम केलं असतं. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा रद्द केला. जे प्रश्न आपल्या सभागृहात विचारायला हवे होते, ते दिल्लीत न्यायाधीशांनी विचारले. त्यानंतर २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाचं विशेष अधिवेशन बोलावून १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, तोही एकमताने. सभागृहात एकमत आणि बाहेर मात्र मराठा आणि ओबीसी समाजांत गावागावांत दुफळी. दोन्हीकडच्या मंडळींना त्यांचा आमदार खासगीत ‘मी तुमचाच’ असं सांगत फिरला, तर त्याला खोटं ठरवणारी कुठलीच नोंद नव्हती.

दिल्लीतही हेच. शेतीविषयक तीन कायद्यांपैकी दोन २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाले. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे डोकी मोजून मतदान, मागितली होती, ती मिळाली नाही. वर्षभराहून जास्त काळ शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेविना मागे घेतले. करतानाही नोंद नाही, रद्द करतानाही नाही. बाजार समितीबाहेर माल विकण्याची मोकळीक ही शेतकरी संघटनेने वर्षानुवर्षं केलेली मागणी होती, त्यामुळे महाराष्ट्रात या कायद्यांना मनापासून पाठिंबा देणारे शेतकरीही पुष्कळ होते. त्यांनाही आपल्या खासदाराकडून काही ऐकायचं होतं. कायदा चांगला होता तर मागे घेताना तुम्ही उभे का राहिला नाहीत, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देणारं कुणी नाही.

लोकप्रतिनिधी गप्प का राहतात याचं एक कारण घटनेतच लिहिलेलं आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. हेतू योग्य होता. १९६७ नंतर आमदारांच्या पक्षांतरांनी राज्याराज्यांतली सरकारं कोसळत होती. पण या परिशिष्टात पक्ष सोडणाऱ्याइतकीच शिक्षा पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याला आहे. व्हिप, म्हणजे पक्षादेश, निघाला आणि तुम्ही विरोधात मत दिलंत किंवा मतदानाला गैरहजर राहिलात, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. ते सरकार पाडणारं मत असो किंवा एखाद्या विद्यापीठाच्या कायद्यातली दुरुस्ती असो, फरक नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात हा कायदा घटनात्मक ठरवला, पण त्याच निकालात एक सावधगिरीही सांगितली. सदस्यत्व घालवणारा पक्षादेश विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता किंवा ज्या धोरणावर पक्षाने निवडणूक लढवली त्या मुख्य धोरणापुरताच काढावा. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने हेच सुचवलं होतं, पुढे १९९९ मध्ये विधी आयोगानेही आपल्या १७० व्या अहवालात. खासदार मनीष तिवारी यांनी अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायची विधेयकं, आणून पाहिली. सगळं कागदावर राहिलं, कारण कुठल्याही पक्षाच्या नेतृत्वाला ही सत्ता सोडायची नाही. सत्तेतल्या नाही आणि विरोधातल्याही नाही.

आणि ज्या पक्षांतरासाठी हा कायदा केला, ते थांबलं का? महाराष्ट्राला याचं उत्तर कुणी सांगायला नको. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचे आणि अध्यक्षांचे काही निर्णय चुकीचे ठरवले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी अपात्रतेचा निकाल दिला आणि कुणीच अपात्र ठरलं नाही, या गटातलंही नाही आणि त्या गटातलंही नाही. शेजारच्या गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिरात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. निवडून आलेल्या अकरापैकी आठ जण सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की कायद्याच्या भाषेत ते ‘विलीनीकरण’ होतं आणि शिक्षा टळते. एकट्याने आपल्या विवेकाला धरून एका विधेयकाविरुद्ध मत देणारा घरी जातो, घाऊक पक्ष बदलणारे मंत्री होतात. माझ्या मते या कायद्याचा सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

ब्रिटनच्या संसदेकडून आपण व्हिप घेतला, पण तिथे व्हिप मोडल्याने खासदारकी जात नाही. १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या ठरावाला सुचवलेल्या युद्धविरोधी दुरुस्तीवर सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांच्या विरोधात मत दिलं. आदल्या दिवशी रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडून सभागृहात आपली कारणं सांगितली. सरकार पडलं नाही, युद्धही थांबलं नाही. पण कोण कुठे उभं होतं हे ब्रिटिश मतदाराला नावानिशी माहीत आहे आणि पुढची कित्येक वर्षं त्याने त्यावरून जाब विचारला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. व्हिपची धार बोथट केली तर प्रत्येक विधेयकाला आमदार विकत घेतले जातील. एखाद्या साखर कारखानदाराला नको असलेला कायदा आला, बिल्डरला हवी असलेली दुरुस्ती आली, की थैल्या सुटतील. ही भीती मी नाकारत नाही, या राज्यात राहून कोण नाकारेल? म्हणूनच विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांवर व्हिप आहे तसाच राहावा, सरकार रोज उठून पाडता येऊ नये. पण बाकीच्या मतांसाठी खरेदीवरचा खरा उपाय नोंद हाच आहे. मत आवाजात विरून जातं तेव्हा विकणाराही सुरक्षित आणि घेणाराही. आमदार क्ष याने सतत एकाच उद्योगाच्या बाजूने मत दिलं, हे पाच वर्षांच्या छापील नोंदीत दिसलं, तर निवडणुकीत त्याला ते झाकता येणार नाही.

आपल्याकडे ही परंपराच नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने कोकणाकडे पाहावं. जुलै १९५६ मध्ये केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी का होत नाही, असा जाब आपल्याच पंतप्रधानांना विचारला. ते कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) मतदारसंघाचे खासदार होते. देशाची तिजोरी सांभाळणारा माणूस आपल्या मतदारांच्या प्रश्नावर पद सोडून उभा राहिला, यात राष्ट्रीय काय आणि स्थानिक काय हे वेगळं काढता येणार नाही.

त्याच किनाऱ्यावर पुढे राजापूरने बॅ. नाथ पै यांना १९५७ पासून तीन वेळा दिल्लीला पाठवलं. कोकणात रेल्वे हवी, बेळगाव महाराष्ट्रात हवं, हे त्यांनी संसदेत सतत मांडलं. आणि याच माणसाने १९६७ मध्ये, संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येणार नाही असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, संसदेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही घटनादुरुस्तीचा अधिकार असला पाहिजे असं अशासकीय विधेयक आणलं. विरोधी बाकांवरच्या खासदाराने संसदेचा अधिकार वाढवणारं विधेयक आणणं ही साधी गोष्ट नव्हती आणि विरोधी बाकांवरच्या अनेकांना ते आवडलं नाही. मला विचाराल तर न्यायालयाची धास्ती त्या वेळी अधिक शहाणी होती, आणीबाणीने ते दाखवून दिलं. नाथ पैंचं विधेयक संमत झालं नाही, ते जानेवारी १९७१ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने जवळपास तीच भूमिका कायद्यात आली. वेंगुर्ल्याच्या मतदाराला आपला खासदार रेल्वेबद्दल काय म्हणतो हे माहीत होतं आणि घटनेबद्दल काय म्हणतो हेही. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ ते १९८९ पर्यंत सलग पाच निवडणुका तिथून जिंकले, आणीबाणीत तुरुंगात गेले, रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. १९९१ मध्ये त्यांचा पराभव झाला. भूमिका घेणाऱ्याला लोक कधी पाडतातही आणि ते चालण्यासारखं आहे.

मृणाल गोरेंचं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते आमदारकीचं आहे. गोरेगावच्या नळाला पाणी येत नाही म्हणून हंडा मोर्चे काढणारी बाई १९७२ मध्ये विधानसभेत आली, १९७७ मध्ये लोकसभेत गेली, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आली. त्या खेपेला त्यांनी गर्भलिंग तपासणीवर बंदी आणण्यासाठी अशासकीय विधेयक मांडलं. बाहेर महिला संघटनांनी रान उठवलं होतं, आत एका आमदाराने कायद्याचा मसुदा टेबलावर ठेवला. अखेर सरकारने स्वतःचं विधेयक आणलं, १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. विरोधी पक्षातल्या एका आमदाराच्या स्पष्ट भूमिकेने एवढं होऊ शकतं. आज शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाजाची वेळ येते तेव्हा सभागृहात किती जण असतात, ते कुठल्याही थेट प्रक्षेपणात पाहता येईल.

आता कांद्याकडे या. निर्यातबंदीची अधिसूचना दिल्लीतून निघते, तिच्यावर संसदेत मतदान होत नाही, आणि दर कोसळतो तो लासलगावच्या बाजार समितीत. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. बंदी उठली ४ मे २०२४ ला, नाशिक जिल्ह्यातल्या मतदानाला पंधरा-सोळा दिवस उरले असताना, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या पाच महिन्यांत शेतकऱ्याचा उन्हाळी कांदा बाजारात आला होता. दिंडोरीच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री होत्या, त्या निवडणूक हरल्या. राष्ट्रीय धोरण आणि गावचा प्रश्न वेगळे आहेत, असं मानणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराने हा निकाल नीट पाहावा. आमदाराला कांदा विचारा, तो म्हणतो केंद्राचा विषय. खासदाराला कालव्याचं पाणी विचारा, तो म्हणतो राज्याचा विषय. घटनेच्या याद्या दोघांनाही पाठ असतात. पण भूमिका घ्यायला अधिकारक्षेत्र लागत नाही. आमदाराला निर्यातबंदी उठवता येणार नाही, हे शेतकऱ्यालाही कळतं. त्याने आपल्याच पक्षाच्या केंद्र सरकारला ‘हे चुकतंय’ असं जाहीरपणे म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

शक्तिपीठ महामार्गाचंही असंच आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत बारा जिल्ह्यांतून सुमारे ८०२ किलोमीटर. कोल्हापूर, सांगलीच्या बागायतदारांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. निवडणुकीच्या तोंडावर तिथल्या सत्ताधारी नेत्यांनीही ‘शेतकऱ्यांना नको असेल तर रस्ता होणार नाही’ असा सूर लावला. निवडणूक संपली, सूर बदलला. सभेत विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: ‘मी जनतेसोबत आहे.’ हे उत्तर मला फार चीड आणतं, कारण ते कुणालाच काही सांगत नाही. कोकणात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी याच्याही पुढची अवस्था होती. २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना काढणारं उद्योग खातं शिवसेनेच्या मंत्र्याकडे आणि प्रकल्पाला विरोध करणारे स्थानिक आमदार-खासदारही शिवसेनेचे. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी या प्रकल्पासाठी बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि सत्ता गेल्यावर तो पक्ष बारसूच्या आंदोलकांकडे गेला. भूमिका बदलण्यात गैर काही नाही, माहिती वाढते, परिस्थिती बदलते. पण बदललेल्या भूमिकेची कारणं सांगण्याचं ओझं लोकप्रतिनिधीवर असतं आणि ते आपण त्याच्या खांद्यावरून कधीच उतरवून घेतलं आहे.

कारण आपण त्याच्याकडे दुसरंच काही मागतो. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी आहे, खासदारालाही तेवढाच. ‘निधी खेचून आणला’ हे आज कर्तृत्वाचं एकमेव माप झालं आहे. गटार, सभामंडप, पेव्हर ब्लॉक यांचे फलक चौकाचौकांत लागतात. यात लोकांना दोष देणं मला पटत नाही. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांत वर्षानुवर्षं तीच स्थिती राहिली. नळाची तक्रार घेऊन जायला आमदाराशिवाय कुणी उरलं नाही, मग आमदार नगरसेवक झाला आणि कायदे करणारा आमदार कुठेच उरला नाही. स्थानिक निवडणुका वेळेवर होणं ही विधिमंडळाच्या तब्येतीसाठीही गरज आहे.

सभागृहाला मिळणारा वेळही आक्रसला आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन विदर्भात भरतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते १६ ते २१ असं सहा दिवसांचं झालं. १५ तारखेला मंत्र्यांचा शपथविधी झाला, पण खातेवाटप जाहीर झालं २१ तारखेच्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. कापसाबद्दल, धानाच्या बोनसबद्दल, परभणीतल्या हिंसाचाराबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या मंत्र्यांकडे खातीच नव्हती. तरीही त्याच अधिवेशनात मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येवर बीड जिल्ह्यातले सत्ताधारी आणि विरोधी आमदार सरकारमधल्या बड्या माणसांची पर्वा न करता बोलले. संधी मिळाली आणि व्हिपची टांगती तलवार नसली, तर आमदार बोलतात, हे तिथे दिसलं. पुढे त्या प्रकरणात मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

माझी मागणी मोठी नाही. दहावं परिशिष्ट बदलायला संसद लागेल, त्यासाठी वाट पाहावी लागेल. पण मताची नोंद करायला महाराष्ट्र विधानसभेला दिल्लीची परवानगी लागत नाही. घटनेच्या २०८ व्या कलमाने सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यासाठी नियम समिती आहे. प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या टप्प्यावर नावानिशी मतदान झालं पाहिजे, आणि पुरवणी मागण्यांवरही, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं त्या जादा खर्चावरही. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७ हजार ५०० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या, एवढ्या रकमेला कुणी हो म्हटलं हे करदात्याला कळायला नको? त्या संध्याकाळी मतदारसंघवार यादी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत लागली पाहिजे: बाजूने, विरोधात, तटस्थ, गैरहजर. व्हिप असेल तर तोही शेजारी लिहावा, म्हणजे कुणी स्वतःच्या मताने हात वर केला आणि कुणी आदेशाने, हे लोकांना समजेल.

नियम होईल तेव्हा होईल. मतविभागणी मागण्याची तरतूद आजही आहे. ती मागेन, असं लेखी वचन उमेदवाराकडून प्रचाराच्या काळातच घेता येतं. आणि अधिवेशन संपवून मतदारसंघात परतलेल्या आमदाराला कार्यक्रमाच्या गर्दीत हार घालण्याआधी विधेयकाचं नाव घेऊन विचारता येतं की त्या दिवशी तुम्ही सभागृहात होतात का, आणि ‘होय’ म्हणालात की ‘नाही’. त्याचं उत्तर तारखेसह लिहून घ्यावं, गावच्या वाचनालयात लावावं आणि पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा विचारावं.